हल्डाच्या कांद्याची परीक्षा

वेदर्सफील्ड गावात सगळ्याच बायका विकायचे कांदे गवतात गुंफून त्यांच्या वेण्या, म्हणजे माळा, घालत, पण हल्डा बेल्डनची वेणी लांबूनही ओळखू यायची. गवत ती असं आवळायची की कांद्यानं निमूट बसावं. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. कांदा निवडता येतो, नवरा घरी आणल्यावरच कळतो, असं तिचं म्हणणं. तिचे लाल कांदे दरवर्षी कॅप्टन अझेल ट्रीटच्या गलबतातून वेस्ट इंडीजला जात, आणि त्या जोरावर ती रविवारी चर्चमध्ये रेशमी झगा सळसळवत बसे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॅप्टन तोंड पाडून आला.

"हल्डाबाई, तिकडे मार्टिनिक बेटाच्या बाजारात आता शेजारच्या ऱ्होड आयलंडचा कांदा चालतो. केवढा टपोरा! तुझ्या कांद्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. यंदा तोच भरावा म्हणतो."

हल्डाचा माल नेणारं दुसरं गलबत नव्हतं. वर्षभराची मेहनत गावातच सडणार होती.

"टपोरा म्हणे! गलबताच्या पोटातला उकाडा सोसेल का तो? दोन्हीकडची एकेक माळ तुमच्या चुलीशेजारी टांगा. सहा आठवड्यांनी जी टिकेल, तिचा माल भरा."

कॅप्टन कबूल झाला. हल्डाला तेवढे दिवस घास गोड लागला नाही. ठरल्या दिवशी ती त्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि जागीच थिजली. ऱ्होड आयलंडची माळ भरगच्च लटकत होती. तिच्या माळेला जेमतेम दोन कांदे, बाकी नुसतं गवत!

"बघ," कॅप्टन म्हणाला. "तुझे तर गळून पडले."

जन्मभर कांद्यात हात घालून कधी न रडलेली हल्डा हुंदका देऊन रडली.

"गळतायत कशाला?" कॅप्टनची बायको टेम्परन्स चुलीपासून ओरडली. "खाल्ले आम्ही! रोज रस्सा कशाचा ओरपत होतात?"

"अगं, परीक्षा होती ती!"

"असेल तुमची. मला रोज चूल पेटवायची असते."

"मग ते दुसरे का नाही घेतले?"

"हात लावून बघा की."

कॅप्टननं टपोऱ्या कांद्यावर बोट टेकवलं. बोट थेट आत गेलं. जो वास सुटला, त्यानं कुत्रंसुद्धा अंगणात पळालं.

बादलीत बोट बुचकळत कॅप्टन पुटपुटला, "उद्या गाडी जुंप, हल्डाबाई. सगळा माल घेतो."

"सगळा कसा?" टेम्परन्स म्हणाली. "चार माळा आधी माझ्या खुंटीला."

हल्डानं नाक पुसलं. "सहा घ्या," ती म्हणाली. "मार्टिनिकवाल्यांना थोडं थांबू दे."