लसूणघासाची चार बोटं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या शिरोळच्या मळ्यात माझ्या धाकट्या दिराने ट्रॅक्टरमागं जोडायचं घास कापायचं यंत्र आणलं आणि भावकीत त्याचा रुबाब एकदम वाढला. माझ्या दहा गुंठ्यांतला लसूणघासही कापून देतो म्हणाला. जनावरांच्या वैरणीचा हा घास एकदा पेरला की तीन वर्षं फुटत राहतो, फक्त कापताना बुडखा चार बोटं राखायचा. मी हात आडवा धरून दाखवला, "भावजी, एवढं ठेवा." त्याने मान डोलावली आणि सगळं रान भुईसपाट केलं. वर चार माणसांत हसून म्हणाला, "चारा जास्त निघाला की, वैनी!"

बुडखे उन्हानं करपले. एक धुमारा फुटला नाही. वैरणीवाचून माझी दुभती म्हैस बाजारात गेली, आणि तिच्याच दुधावर माझं घर चालत होतं. मी भांडले नाही. त्याचं ते हसणं तेवढं डोक्यात ठेवलं.

पुढच्या वर्षी दीर मोटारसायकलवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. त्याचा घास कापणीला आलेला. भाड्याचा ड्रायव्हर बोलावला आणि निरोप माझ्याकडं दिला, "वैनी, चार बोटं ठेवायला सांगा त्याला." मी गप्प राहिले म्हणजे विसरले, असं त्या शहाण्याला वाटलं असावं.

यंत्राच्या पात्याखाली दोन्ही टोकांना लोखंडी बूट असतात. ते खाली उतरवले की पातं उचललं जातं, वर चढवले की मातीला टेकतं. ड्रायव्हरच्या हातातला पाना घेऊन मी स्वतः दोन्ही बूट वर चढवले. देवाची भांडीसुद्धा मी कधी इतकी मन लावून घासली नसतील.

"वैनी, बुडखं उघडं पडत्यात की," ड्रायव्हर कचरत म्हणाला.

"भावजींची रीतच हाय तशी. चालू करा."

शेवटच्या फेरीपर्यंत मी बांधावर बसून बघत होते. वाईट वाटलं का? अजिबात नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पंधरा दिवसांनी दीर कुबडी टेकत माझ्या दारात आला. त्याचं रान तसंच उघडं पडलं होतं आणि कुणी केलं ते ड्रायव्हरनं सांगितलं होतं. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "झालं समाधान, वैनी?"

"न्हाय," मी म्हणाले. "तुमची म्हस अजून दावणीला हाय."