छबिबाबूंचं गुप्त खातं

छबिबाबूंना साधा माणूस कधी दिसलाच नाही. ट्रामचा कंडक्टर असो, नळावर भांडणारी बाई असो की घाटावर डोकं भादरून घेणारा म्हातारा, ते एक डोळा बारीक करून बघत आणि हळूच म्हणत, "वहिनी, खात्याचा माणूस!" लग्न होऊन मी कलकत्त्याला आले, तेव्हा हावडा स्टेशनवर माझी ट्रंक उचलणाऱ्या हमालाबद्दल त्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं. मी घाबरून ट्रंकेकडेच बघत राहिले. आमचे हे हसून म्हणाले, "लक्ष देऊ नकोस. तो माणसं बघत नाही, चित्रकथा बघतो."

छबिबाबू म्हणजे माझे धाकटे दीर. छबिबाबू हे गल्लीतल्या बंगाली मुलांनी ठेवलेलं नाव. पुढे घरातही तेच रुळलं. मी मात्र तोंडावर भाऊजीच म्हणायची. हे गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत जात आणि भाऊजी भवानीपूरच्या आमच्या बिऱ्हाडात, रस्त्याकडच्या खोलीत, मांडीवर फळी घेऊन दिवसभर चित्रं काढत. मुलांच्या एका बंगाली मासिकात त्यांची चित्रकथा येई. तिचा नायक आकाशात उडायचा, लोखंड वाकवायचा, छातीवर उल्केची खूण मिरवायचा. पण भाऊजींचा जीव त्याच्यात नव्हता. त्यांचा जीव होता नायकाच्या मागे उभ्या असलेल्या गुप्तहेर खात्यात.

युद्ध संपून अमेरिकन सोल्जर परत गेले, तरी त्यांची रंगीत कॉमिक्स फुटपाथवर ढिगांनी पडून होती. भाऊजी ती उचलून आणत आणि जेवतानासुद्धा चाळत. त्यातले गुप्त एजंट लांब ओव्हरकोट घालून, टोपी डोळ्यांवर ओढून दिव्याखाली उभे असत. "हा असा वैशाखात आपल्या गल्लीत उभा राहू दे," भाऊजी म्हणत, "पोलिसांच्या आधी पोरंच धरतील त्याला." म्हणून त्यांच्या खात्याला गणवेशच नव्हता. दारावर येणारी, रस्त्यावर दिसणारी माणसंच त्यात कामाला होती. मी एकदा विचारलं, "तुमच्या नायकाला उडता येतं, मग त्याला हवीत कशाला ही माणसं?" ब्रश शाईत बुडवत ते म्हणाले, "उडता येतं, पण कुठे उडायचं ते त्याला कोण सांगणार?"

आमच्याकडे मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, घेऊन मोक्षदामाशी, म्हणजे मोक्षदामावशी, यायची. भाऊजींनी तिला खात्यात घातलं. कथेत ती मापाला दोनदा टिचकी मारायची आणि त्यावरून नायकाला कळायचं, की शत्रू शहरात शिरला आहे. मासिक आलं तेव्हा त्यांनी ते पान तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा चेहरा ओळखता आला. तोंडाला पदर लावून ती इतकी हसली, की टोपली खाली ठेवावी लागली. त्यानंतर आमच्या दारात शिरण्याआधी ती मुद्दाम इकडेतिकडे बघायची आणि कुजबुजायची, "छबिबाबू, खबर आछे!" मग भाऊजी गंभीरपणे दाराची कडी लावत. आम्ही तिघं हसायचो.

हे खातं त्यांना सुचलं कुठून, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. सेहेचाळीसच्या हिंदू-मुसलमान दंगलीच्या दिवसांत भाऊजी या शहरात एकटेच राहत होते. ते ज्या छापखान्यात काम करत, तिथला एक कंपोझिटर त्यांचा जिवाभावाचा मित्र. एका दुपारी जमाव आला, तेव्हा त्याचं घर कोणतं ते कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं बोट करून दाखवलं. रोज त्या दोघांना हाक मारून पान देणारा माणूस. भाऊजी समोरच्या गच्चीवरून बघत होते. हे मला सांगताना त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "साध्या माणसांनीच घरं दाखवली, वहिनी. माझ्या खात्यातली साधी माणसं घरं वाचवतात."

पुढे संपादकांनी त्यांना सुचवलं, की खात्यात एखादा फितूर असावा, म्हणजे मुलांना उत्सुकता वाटेल. भाऊजींनी फितूर आणला. मुलांना तो फारच आवडला. पण भाऊजींचा हात तिथून मागे फिरेना. महिन्यामागून महिने फितूर वाढत गेले. आधी ट्रामचा कंडक्टर, मग होडीवाला, मग खात्याचे बडेबाबू. नायक कोपऱ्यातल्या एका चौकटीत ठिपक्याएवढा उरला. शेवटी त्यांनी नुसत्या खिडक्या काढल्या, पानभर खिडक्या, आणि प्रत्येकीच्या फटीत एक डोळा. संपादक स्वतः घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "छबिबाबू, मुलं झोपत नाहीत हे बघून." भाऊजी म्हणाले, "मी तरी कुठे झोपतो?" चित्रकथा बंद झाली.

त्यानंतर ते 'खात्याचा माणूस' असं म्हणत, तेव्हा त्यांच्या आवाजात हसू नसे. एकदा मी कणीक मळत होते, तर ते मागे येऊन उभे राहिले. "मोक्षदा आज दोनदा आपल्या खिडकीकडे बघून गेली."

"अहो, ती रोजच बघते. मुडी हवी का म्हणून."

"तेच तर," ते म्हणाले.

त्यांनी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. बाहेरून आलेलं काही खाईनात. यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर चक्क हात जोडले. भाऊजी सगळं शांतपणे ऐकून घेत आणि हे कचेरीत गेले, की मला विचारत, "दादाला कुणी पाठवलं असेल?"

मग ती सकाळ आली. मोक्षदामाशी दारात उभी होती. भाऊजी आतून धावत आले आणि त्यांनी तिची टोपली लाथेनं उडवली. गल्लीभर मुडी पांढरी पसरली. "कुणाचं घर दाखवलंस?" ते मराठीतच ओरडत होते, तिला एक अक्षर कळत नव्हतं. माणसं धावली, कुणी त्यांची कॉलर धरली, कुणी हात उगारला. तेव्हा ती म्हातारी मध्ये शिरली, दोन्ही हात पसरून, "मारबेन ना! ओ आमादेर छबिबाबू!" मारू नका, आमचा छबिबाबू आहे तो, असं ती रडत रडत सांगत होती. भाऊजी तिच्या पाठीमागे होते आणि तिच्याकडेच बोट दाखवत होते.

डॉक्टरांनी रांचीचं नाव काढलं, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून बसले. मुलाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं हे गावी आईला कसं कळवायचं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. जाताना भाऊजींनी त्रास दिला नाही. मी त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होते. ते माझ्या हातांकडे बघत होते, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "वहिनी, तुम्हीसुद्धा?" असं म्हणाले. मी मान हलवली, नाही नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

वर्ष उलटल्यावर आम्ही त्यांना भेटायला गेलो. हे डॉक्टरांशी बोलत होते. मी आणि भाऊजी अंगणातल्या बाकावर. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले. चित्रं काढता का, म्हणून विचारलं, तर कशाची चित्रं, असं त्यांच्या तोंडावर उमटलं. मग पहारेकऱ्याची पाठ वळलेली बघून ते माझ्याकडे सरकले. "खात्यात वर कळवा," ते अगदी हळू म्हणाले, "मी कुणाचंही नाव सांगितलेलं नाही. मोक्षदाचं नाही, कंडक्टरचं नाही, तुमचं तर नाहीच. इथल्या लोकांनी विजेचे झटके दिले, तरी नाही सांगितलं."

मी म्हटलं, "माहीत आहे आम्हाला."

त्या 'आम्हाला'नं त्यांचा चेहरा असा काही सैल झाला, की कितीतरी दिवसांनी मला माझे दीर दिसले. "मग मला कधी सोडवणार?" त्यांनी विचारलं.

"लवकरच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"तर मग तयार राहतो," म्हणून ते उठले आणि मागे न बघता आत गेले.

पुढच्याच थंडीत न्यूमोनियानं ते गेले. हे एकटेच रांचीला जाऊन सगळं उरकून आले. येऊन पायरीवर बसले, चपला काढायच्या विसरले. तिथला वॉर्डबॉय काय म्हणाला, ते त्यांनी मला खूप दिवसांनी सांगितलं. पेशंट फार शहाणा होता म्हणे. कुणाला त्रास नाही. रोज सकाळी अंथरुणाची घडी घालायचा, केस विंचरायचा, शर्टाची सगळी बटणं लावायचा आणि फाटकाकडे तोंड करून बसून राहायचा.