‘कडू लागालंय गं, काय करू?’

त्रिशलाच्या नवऱ्याचा, बाबगोंडाअण्णांचा, फोन दुपारी आला. “सुजाताक्का, त्रिशलाला घेऊन बेळगावला निघालोय. उलट्या थांबंनात. रगत पडाय लागलंय.” मी बेळगावजवळ पिरनवाडीत, मुलाच्या घरी, भेंड्या पुसत बसले होते. हातातलं फडकं हातातच राहिलं. तशीच उठून दवाखान्याकडे धावले, ती मैत्रिणीच्या काळजीनं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. त्या दिवशी सकाळी त्रिशलाचं आणि माझं फोनवर बोलणं झालं होतं आणि त्यात काय झालं ते फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली... आणि मग ते मला एकटीलाच माहीत उरलं. एका डॉक्टरांशिवाय सहा आठवडे मी त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हाही तिच्या शिकवण्यावर, तिच्या हसण्यावर लिहून मोकळं व्हायचं असंच मी ठरवलं होतं.

निपाणीच्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. मी विज्ञान शिकवायची, ती कन्नड. तिचं माहेर सदलग्याचं, घरात कन्नड बोलणारं. सासर निपाणीचं, मराठी. दोन्ही भाषांत ती सारखीच फर्डी. पण ठेच लागली, हात भाजला की तोंडातून कन्नडच निघायचं. “तुझं दुखणं अजून माहेरीच राहतंय बघ,” मी चिडवायची. ती जैन, मी बौद्ध. डबा खाताना तिच्या पथ्यांची मी यथेच्छ टिंगल करायची. कांदा चालत नाही, बटाटा चालत नाही, जमिनीखाली वाढलेलं काहीच चालत नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे अन्न टाकायचं नाही. जेवण झालं की डब्यात पाणी ओतायचं, कडांवरून बोट फिरवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. “तुझ्या घरच्या मोलकरणीला काम तरी काय उरतं गं?” मी विचारायची. “तुझ्यासारखे पाव्हणे येत्यात की,” ती म्हणायची.

शाळेत हे तिच्या डब्यापुरतं होतं. घरी मात्र सगळ्यांची पानं उठली की पातेल्यातली उरलेली आमटी, सकाळची भाकरी, लग्नाच्या घरून आलेले बुंदीचे लाडू, सगळं शेवटी तिच्याच पोटात जायचं. टाकवत नाही म्हणून. बायका उपाशी राहून आजारी पडतात, ही उरलेलं खाऊन पडणार, असं मी एकदा सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते. सगळे हसले, तीही हसली. अशी हुशारीची वाक्यं मला पटकन सुचतात. तो माझा जुना दोष आहे.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत तिला साखर निघाली, तीही अशी की डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मला वाटलं, आता ही हातपाय गाळणार. झालं उलटंच. “सुजाता, आतापतूर सगळ्यांचं केलं. आता माझं मी बघणार. पहिल्यापास्नं सुरवात!” आणि खरोखर बाई कामाला लागली. साडीवर पांढरे बूट घालून पहाटे चालायला जाऊ लागली. चहातली साखर गेली. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, गोळ्या अगदी वेळेवर. उरलेलं अन्न संपवायचं काम तिनं अण्णांकडे दिलं, आणि ते बिचारे करूही लागले. चार महिन्यांत साखर उतरली, चेहऱ्यावर तजेला आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती स्वतःला पहिल्यांदाच जेवायला वाढत होती. तेव्हा ते बघून मला फार बरं वाटायचं. आता तेच दिवस आठवले की अंगावर काटा येतो, कारण पुढं जे झालं ते तिच्या चांगल्या सवयींचं बोट धरूनच आलं.

तिच्याबरोबर चालायला येणाऱ्या बायका सकाळी गाजर-बीटाचा रस घ्यायच्या. हिला ते चालणार नव्हतं, दोन्ही जमिनीखालचं. मग हिनं दुधी धरला. बाजारचा नको म्हणून परसात वेल लावला आणि पहिला दुधी लागला तेव्हा मला त्याचा फोटो पाठवला, नातू झाल्यासारखा. रोज सकाळी पेलाभर रस. त्या उन्हाळ्यात निपाणीत नळाला आठवड्यानं पाणी येत होतं. भांडी विसळलेलं पाणी ती वेलाला घालायची, पण ते पुरणार किती? पानं कडेनं वळली, वेल पिवळा पडला, तरी दुधी लागत होते... लहान, वाकडे, टणक. मी एकदा पाहायला गेले तेव्हा म्हणाले, “वेल जगणार नाही हा.” ती म्हणाली, “असू दे गं. जगंल तवर देईल.” मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा मी नातवाचा डबा भरत होते. फोन खांद्यात धरला. “सुजाता, आज रस कडू लागालंय गं. लई कडू. दोन घोट घेतले तर जीभ आत ओढल्यागत झालीया. काय करू? तू सायन्सची हाईस, सांग.”

मी हसले. विचार करायला अर्धा मिनिटही घेतला नाही. “कडू म्हणजे औषध! गोड खाऊनच साखर झाली ना तुला? डोळे मीट आणि पी.”

“टाकवंना तर झालंयच म्हणा,” ती म्हणाली. मग मला तिचे घोट ऐकू आले. एक, दोन, तीन... मध्ये थांबली, पुन्हा प्यायली. मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, चमच्याचा किणकिणाट आणि शेवटचा घोट. “झालं बाई,” म्हणाली आणि फोन ठेवला.

बेळगावच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी नेमकं विचारलं. सकाळपासून काय खाल्लं? अण्णांनी सांगितलं, रोजचंच, दुधीचा रस. “रस कडू होता का?” अण्णा म्हणाले, “न्हाय ओ. तसं काय बोलली न्हाय ती.” मी त्यांच्याशेजारी उभी होते. माझं तोंड उघडलंच नाही. लाज वाटली, भीती वाटली, आणि आधी मला नीट कळू दे, मग सांगते, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

नंतर आम्हाला आत सोडलं. तिनं डोळे उघडले, आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ सुकून फुटले होते. “कहि...” ती म्हणाली. अण्णा खाली वाकले. “काही पायजे काय गं? पानी देऊ?” तिनं मान हलवली. “कहि...” पुन्हा तेच. अण्णांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, पण त्या घटकेला त्यांना बायकोची मराठीच ऐकू येत होती. “काही न्हाय म्हणालीया,” ते मला म्हणाले. कन्नडमध्ये कहि म्हणजे कडू. मला ते कळलं होतं, आणि मी मान डोलावली.

मग घरी येऊन मी वाचलं, डॉक्टरांना एकटी गाठून विचारलं. दुधी क्वचित कडू निघतो, आणि तो कडूपणा औषध नसतो, विष असतो. चव कडू लागली की थुंकायचं आणि सगळं टाकून द्यायचं, एवढंच त्यावर करता येतं. उतारा नाही. मी आधी सांगितलं असतं तरी उपचार तेच झाले असते, असं डॉक्टर म्हणाले. मला दिलासा मिळावा म्हणून त्यांनी ते सांगितलं, पण मला तो घेता आला नाही. झाडं स्वतःला वाचवायला कडू होतात, हे मी आठवीच्या वर्गात सव्वीस वर्षं शिकवलं होतं.

सहा आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीनं निपाणीला गेले. सांगायला नव्हे, नुसतं भेटायला. अण्णा मागच्या दारी उभे होते आणि त्यांच्या हातात हिरवट रसाचा पेला होता. “तिच्या माघारी मीच घेतोय,” ते म्हणाले. “रोज ती सांगत व्हती, ऐकलं न्हाय. आता नव्यानं सुरवात.” परसात तो वेल अजून उभा होता.

मी पेला त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला आणि एक थेंब जिभेवर ठेवला. गोडसर, मिळमिळीत. तिथंच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोन, माझं हसणं, तिचे घोट, कहि. अण्णांनी माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. शेवटी म्हणाले, “डॉक्टर इच्चारत व्हते तवा तुम्ही माझ्या बाजूलाच हुता.”

“होते.”

मी म्हणाले, “अण्णा, हात जोडते, हा वेल उपटून टाका.” ते म्हणाले, “तिनं लावलाय. मी न्हाय काढायचा.” मी रडले, भांडले, पण ते हलले नाहीत. एवढंच कबूल केलं की रोज दुधीची एक फोड आधी चाखीन, आणि कडू लागली तर सगळा दुधी टाकीन.

तेव्हापासून रोज सकाळी आठच्या आत त्यांचा फोन येतो. कशा आहात नाही, बऱ्या आहात का नाही. “आक्का, चाखली. गोड हाय,” एवढंच म्हणतात आणि ठेवतात. ही माफी आहे की शिक्षा, ते विचारायचं धाडस मला होत नाही. पण त्या चार शब्दांशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. आज हे लिहिताना साडेआठ वाजून गेलेत. दोनदा मी लावला. उचलला नाही.