इंजिनाचं हँडल

आमच्या नोएडाच्या सोसायटीत भाजीवाले खालूनच ओरडायचे, वर कुणी येत नसे. एक बाई मात्र थेट दुसऱ्या मजल्यावर आली आणि बेल वाजवून उभी राहिली. हातात पालकाची जुडी, मागे जिन्यात नवरा. पालक विकायला नव्हता, दाखवायला होता. यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत, आम्ही हा पिकवतो, असं तिनं हिंदीत सांगितलं. मग म्हणाली, तुमच्यासारख्या काही घरांनी आधी पैसे दिले तर आम्ही डिझेल इंजिन घेऊ, आणि पैसे फिटेपर्यंत दर आठवड्याला भाजी पोचवू.

मी दाराची साखळी न काढताच ऐकत होते. आमच्याकडेच का आलात, असं विचारलं, तर म्हणाली, गेटवरच्या चौकीदारानं सांगितलं की इथे फौजी राहतात. म्हणजे चौकशी करून आली होती. मला ते बरं वाटलं नाही.

तो काळच तसा होता. रोज नवी कंपनी निघायची. पेपरात अर्ध्या पानाच्या जाहिराती असायच्या, आज सागवानाच्या रोपात पैसे घाला आणि काही वर्षांनी लखपती व्हा. समोरच्या फ्लॅटमधल्या भाईसाहबांनी आपला फंड असाच एका कंपनीत घातला होता. कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि ती रोपं कुठल्या जिल्ह्यात होती हेही त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मातीचं नाव घेऊन पैसे मागणारा माणूस आमच्या जिन्यात चोरच ठरायचा. मी साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, माझा भाऊ अजून शेती करतो, तरीही मीच सगळ्यात आधी साखळी लावली होती.

आमचे हे सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ते कुणावर चटकन विश्वास ठेवत नाहीत आणि चटकन नाहीही म्हणत नाहीत. त्यांनी गाझियाबादच्या मंडीत जाऊन चौकशी केली. बाई म्हणाली ते खरं निघालं. जमीन त्यांची नव्हती, दर वर्षी ठेक्यानं घेतलेली, म्हणून बँक दारात उभं करत नव्हती. मंडीतला आडत्या इंजिन द्यायला तयार होता, पण मग सगळा माल त्यालाच द्यायचा, तो म्हणेल त्या भावानं. हे घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "खरं बोलतायत. पण खरं बोलणारी माणसं पळून जात नाहीत, असं थोडंच आहे?"

थंडीतल्या एका रविवारी आम्ही शेत बघायला गेलो. भाईसाहबांची गाडी होती. ते पैसे देणार नव्हते, पण आम्ही कसे फसतो ते त्यांना बघायचं असावं. फ्लॉवर, मटार, मुळा, सगळं नीट उभं होतं. ती हाताची घडी घालून बांधावर थांबली होती. हसली नाही, बसाही म्हणाली नाही. ह्यांनी सवयीनं बांधाच्या कडेनं पावलं मोजत चालायला सुरुवात केली, तशी ती झपाझप चालत आली.

"फौजी साहब, नाप क्यों रहे हो?"

पाइप किती लांब लागेल ते बघतोय, असं ह्यांनी सांगितलं. तिला ते पटल्याचं दिसलं नाही. मग कळलं की अशा गाड्या आधीही येऊन गेल्या होत्या. स्वच्छ बुटांतली माणसं उतरतात, प्यायला पाणी मागतात, पिकाची चौकशी करतात आणि निघताना हळूच जमिनीच्या मालकाचं नाव विचारतात. आम्ही तिच्याकडे जसं बघत होतो, तसंच ती आमच्याकडे बघत होती.

तोडगा ह्यांनीच काढला. इंजिन शेतावर राहील, पण ते सुरू करायचं हँडल आमच्या घरी. लागेल तेव्हा न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. हँडलाशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि चालू करून दाखवल्याशिवाय ते कुणी विकत घेत नाही. तिच्या नवऱ्यानं लगेच मान डोलावली. त्याच्या त्या लगेच हो म्हणण्याचाच मला संशय आला.

काही घरं तयार झाली, इंजिन आलं. सकाळी तो सायकलवर यायचा, हँडल न्यायचा, संध्याकाळी ते भाजीसोबत परत यायचं. आमच्या दारामागच्या भिंतीवर तेलाचा काळा डाग पडला. मी दर वेळी भाजी उलटीपालटी करून बघायची. खोट काही सापडायची नाही.

होळी झाली आणि ऊन तापलं. अचानक हँडल न्यायला कुणी येईना. भाजी येत होती, पण नवऱ्याऐवजी बाई स्वतः बसनं घेऊन यायची. विचारलं तर म्हणाली, जमिनीत ओल आहे. काकडीच्या वेलांना त्या उन्हात इतके दिवस पाणी न देता चालत नाही, एवढं मला माहेरीच कळलं होतं. एका दुपारी मी हँडल पिशवीत घातलं आणि रिक्षा करून निघाले.

बांधावर पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. आमच्या साताऱ्याच्या विहिरीवर तसंच इंजिन होतं, तो आवाज मी कुठेही ओळखला असता. पाणी सरीतून वाहत होतं आणि ती खुरपं घेऊन वाफ्यात बसली होती.

"हँडल तर माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

ती उठली नाही. दुसरं पहिल्याच आठवड्यात लोहाराकडून बनवून घेतलं, म्हणाली. थंडीत पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडायला लागला की उजाडायच्या आत पाणी द्यावं लागतं. त्या वेळी सायकल मारत तुमच्या सेक्टरमध्ये कोण येणार?

"मग इतके दिवस न्यायला का येत होता?"

"उससे आप लोगों को नींद आती थी, दीदी. हमारा एक चक्कर ज़्यादा लगता था, बस."

आता नवरा तापानं पडला होता, सायकल मारायला कुणी नव्हतं, म्हणून फेरी बंद झाली होती. मला राग आला. फसवलं तर होतंच. पण दुसरं हँडल असूनही इंजिन जागेवरच होतं, हेही मला दिसत होतं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. रविवारी त्यांनी पैसे दिलेल्या सगळ्यांना बोलावून स्वतःच हे सांगितलं. भाईसाहब आमंत्रणाशिवाय आले आणि म्हणाले, मला पहिल्यापासून माहीत होतं. दोन-तीन घरं बाजूला झाली. तळमजल्यावरच्या बाईंनी एवढंच विचारलं, की भाजी येतेय ना? येत होती. पुढच्या हंगामाचे पैसे उरलेल्यांनी हँडल न मागता दिले.

त्या पावसाळ्यानंतर मालकानं जमीन विकली. तिथे फार्महाऊस होणार होती. ती सांगायला आली. या वेळी आत येऊन बसली, पण पुढे ठेवलेल्या पाण्याला तिनं हात लावला नाही. जमीन कुणी घेतली माहीत आहे का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. तिनं हनुवटीनं समोरच्या बंद दाराकडे खूण केली. आम्ही गेलो त्या रविवारनंतर भाईसाहब एकटेच पुन्हा तिकडे गेले होते आणि शेजारच्या शेतात मालकाचं नाव विचारून आले होते. विकलेल्या जमिनीतला एक तुकडा त्यांनी घेतला होता. ह्यांनी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, की सागवान दिसलंच नाही, ही जमीन निदान डोळ्यांना दिसते.

"आप को सच में पता नहीं था?" तिनं मला विचारलं.

"नव्हतं."

तिला ते खरं वाटलं का, मला आजही सांगता येणार नाही.

त्यांना नदीच्या वरच्या अंगाला, गाझियाबादकडे, दुसरी जमीन मिळाली. इंजिन बुग्गीवर, म्हणजे रेड्याच्या गाडीवर, चढवून ते तिकडे घेऊन गेले. आमच्यातल्या काही घरांनी तिथेही हंगामाआधी पैसे पोचवले. भाजी उशिरा यायला लागली, पण आली. वर्षातून एक-दोनदा आम्ही जायचो. ती चहा करायची, मुळे उपटून द्यायची, पण आधी गाडीपाशी येऊन मागच्या सीटवर कोण बसलंय ते वाकून बघायची. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटलं. पुढे आम्हीच निघायच्या आधी त्यांच्या रस्त्यावरच्या दुकानात फोन करून कोण कोण येतंय ते सांगायला लागलो.