दुसऱ्याच्या हातातली कालवड

आमच्या युवक मंडळाच्या जनावरांच्या प्रदर्शनात परीक्षकांनी मुलांना आपापल्या जनावरांचे कासरे एकमेकांच्या हाती द्यायला सांगितले. शिकवलेलं जनावर परक्या हातातही शांत उभं राहतं का, हे त्यांना बघायचं होतं. राधाने वर्षभर सांभाळलेली कालवड महेशकडे गेली आणि हूं की चूं न करता उभी राहिली.

"बघ, तुला विसरलीसुद्धा," महेश म्हणाला.

"गप रे. उभी राहिली म्हणजे नंबर माझाच," राधा म्हणाली, पण तिची नजर कालवडीवरून हलेना.

मला पुढचा गट बोलवायचा होता, तरी पाय निघेना. माझी मुलगी होस्टेलवर छान रुळली, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते आणि लगेच तिचा फोन आलाय का बघते.

पहिल्या नंबराला राधाचं नाव पुकारलं. बक्षीस घ्यायचं सोडून ती महेशकडे गेली.

"दे माझी इकडे."