वापसा होता, ट्रॅक्टर बंद होता

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायला वापसा दोन दिवस मिळतो, फार तर तीन. माती मुठीत आवळली तर गोळा व्हावा आणि टाकला तर फुटावा, एवढीच ओल लागते. ती गेली की आमची काळी जमीन अशी आवळते की पेरणीचे फण वरच्यावर सरकत जातात. हे आधीच सांगते, कारण त्या मंगळवारी सगळं यावरच अडलं होतं.

वापसा आमच्या रानाचा नव्हता, आक्काच्या रानाचा होता. आक्का म्हणजे बांधापलीकडची शेजारीण. नवरा फौजेत, दोन एकर ती एकटी बघते. आमच्यात पैरा आहे. तिनं आमच्या सोयाबीनच्या काढणीला चार दिवस यायचं, आम्ही तिचं रान ट्रॅक्टरनं पेरून द्यायचं. तिनं तिचे चार दिवस देऊन टाकले होते, कंबर दुखत असताना. आता पाळी आमची होती. वापशाच्या दिवसांत गावातला दुसरा कुठलाच ट्रॅक्टर मोकळा नसतो, आणि मागायचा तरी कुठल्या तोंडानं?

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तिसऱ्या मालकाकडून घेतला. एरवी तो शेतातला असतो आणि मोर्चा असला की आम्हा मोर्चेवाल्यांचा. आदल्या दिवशी निपाणीत मोर्चा होता. सरकारी कागद आम्हाला वाचता येतील अशा भाषेत, म्हणजे मराठीत, द्या, एवढी साधी मागणी. ती दर वर्षी करावी लागते, यात माझा काही दोष नाही. पुढं बॅनर, मागं ट्रॉलीत माणसं, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवसभर माझा कर्णा. येताना हायवेच्या पंपावर डिझेल भरलं आणि दिवस मावळायला घरी आणून लावला.

लावला तो उतारावर, चाकाला दगड देऊन. म्हातारा ट्रॅक्टर सपाटीला उभा करायचा नाही, हा आप्पांचा नियम आहे.

सकाळी मी बॅनर विळ्यानं सोडवला, घडी करून ठेवला आणि सेल्फ मारला. टक. परत टक.

"बसली बॅटरी," आप्पा म्हणाले. "काल तू बोललीस, आज ती बोलणार न्हाय."

आक्का बियाण्याचं पोतं घेऊन बांधावर बसली होती. "उतार हाय की," ती म्हणाली. "सोडा खाली."

दगड काढला, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन दोनदा गरगरलं, पण धूर नाही, आवाज नाही. ट्रॅक्टर खाली गोठ्यापाशी सपाटीला जाऊन थांबला. उतार एकच होता, तो वापरून झाला.

इथं मी डोकं चालवायला हवं होतं. मी फोन काढला. इंजिन फिरतंय आणि पेटत नाही म्हणजे डिझेलात खोट. काल भरलं कुठं? हायवेला. मोर्चातल्या लोकांच्या ग्रुपवर मी लिहिलं: "शेतकऱ्यांच्या टाकीत पाणी ओतणाऱ्या पंपाचा जाहीर निषेध. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पाडला. जाब विचारला जाईल." दोन मिनिटांत सतरा जणांनी वळलेल्या मुठींची चित्रं टाकली.

त्यानंतर मी फिल्टरखालचा नट सोडून डिझेल काचेच्या बाटलीत धरलं. पाणी असतं तर तळाला बसलं असतं. बाटली उन्हात धरून आप्पांनी बराच वेळ बघितली.

"ह्यात पाणी न्हाय गं."

"मग वास बघा."

"डिझेलचा येतोय."

मी नट परत आवळला. ग्रुपवर मात्र काही लिहिलं नाही.

साडेनऊला आप्पांनी बोलावलेले मेस्त्री आले. चिकोडीकडचे जैन अण्णा आहेत, घरी कन्नड, आमच्याशी मराठी, नटाशी बोलताना दोन्ही. त्यांनी शेजारच्या दुधाच्या टेम्पोची बॅटरी आणून जोडली आणि मला विचारलं, "हवा काढली काय?"

"न्हाय."

"मग काय काढलं सकाळपास्नं?"

"पत्रक," आप्पा म्हणाले.

हवा काढणं म्हणजे फिल्टरवरचा एक स्क्रू ढिला करायचा आणि खालचा हातपंप मारत राहायचं. डिझेलच्या वाटेत हवा शिरली असेल तर आधी फेस येतो, मग स्वच्छ धार. मी पंप मारत होते. फेस आलाच नाही, पहिल्यापासून धार. मेस्त्रींनी स्क्रू आवळला, मग इंजिनात डिझेल सोडणाऱ्या नोझलच्या नळ्यांचे नट ढिले केले आणि आप्पांना सेल्फ मारायला लावलं. आता इंजिन जोरात फिरलं. नळ्यांच्या तोंडाशी थेंबसुद्धा नाही.

"नोड्री, बघा," मेस्त्री म्हणाले. "इंजिनच्या पंपापर्यंत डिझेल हाय. पंपाच्या फुडं न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे पंप गेला असंल. उतरवायचा, कोल्हापूरला पाठवायचा. चार दिवस धरा."

आक्का उठून तिच्या रानात गेली. वाकून मूठभर माती घेतली, दाबली, टाकली. परत येऊन बसली आणि कुणाकडं बघितलं नाही. म्हणाली, "चार दिवसांनी वरची बाजू फरशी व्हणार." तक्रार नव्हती ती. तक्रार केली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मेस्त्री पाने पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "स्टॉप आत हाय न्हवं?"

स्टॉप म्हणजे इंजिन बंद करायचा खटका. तो बाहेर ओढला की पंपाचं डिझेल तुटतं. आमच्या खटक्याची स्प्रिंग कधीच मेली आहे, तो हातानं परत आत ढकलावा लागतो.

"हाय की," आप्पा म्हणाले. "मी बंद केला की लगेच ढकलतो. सवयच हाय."

पण काल बंद मी केला होता.

खटका मीटरच्या पट्टीखाली आहे, आणि पट्टीवर खंडेनवमीची झेंडूची माळ वाळून लोंबत होती. ती काढायची नसते, आपोआप पडू द्यायची असते, म्हणून कुणी हात लावत नाही. मी माळेमागं हात घातला. खटका दोन बोटं बाहेर होता आणि त्याच्या मानेला सुतळीचे तीन वेढे होते. दुसरं टोक स्टेअरिंगच्या दांड्याला घट्ट. काल इंजिन बंद केलं तेव्हा बॅनर वाऱ्यानं फडफडत होता, हाताला जे लागलं त्याला मी त्याचं टोक बांधून टाकलं होतं. सकाळी विळ्यानं बॅनर कापून घेतला, गाठ तिथंच राहिली. आमच्या ट्रॅक्टरला हेडलाइटपासून मडगार्डपर्यंत जुन्या मोर्च्यांच्या सुतळ्यांची शेपटं आहेत, एक जास्त झालं तर कुणाच्या डोळ्यात येणार?

माझी पाठ सगळ्यांकडं होती. गाठ तोडून खटका आत ढकलला असता तर पंप आपोआप सुधारला असं झालं असतं. मेस्त्रींच्या हाताला यश म्हणून आप्पांनी नारळही दिला असता. तो विचार माझ्या मनात बराच वेळ होता, म्हणजे विळा हातात घेईपर्यंत.

"स्टॉप बाहेर हाय," मी म्हणाले. "मीच बांधलाय. बॅनरच्या सुतळीनं."

मेस्त्रींनी येऊन बघितलं. "गाठ चांगली हाय," ते म्हणाले.

आप्पा सेल्फ मारायला वर चढले.

खटका आत गेला, नट आवळले, सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि चालू झालं. अकरा वाजले होते.

आक्काचं रान पेरताना मी मागं पेरणीच्या यंत्रावर उभी होते, बियाण्याच्या नळ्या तुंबत नाहीत ना बघत. पहिल्या वळणावर फोन काढून ग्रुपवर लिहिलं: "खुलासा. पंपाचा दोष नव्हता, डिझेल चांगलं होतं. चूक माझी होती. निषेध मागे." आजवर किती पत्रकं लिहिली त्याचा हिशोब नाही, पण खुलासा हा पहिलाच. उत्तर लगेच आलं: "ताई, दबाव आला काय?" दुसऱ्यानं लिहिलं, "घाबरू नका, आम्ही आहोत." मी परत लिहिलं की दबाव नाही, सुतळी होती. त्यावर कुणी मूठ पाठवली नाही.

"पोरी," आक्का बांधावरून ओरडली, "मोर्चा संपला असंल तर नळी बघ, तिसरी तुंबलीया."

खरंच तुंबली होती. उतरून काडीनं मोकळी केली.

दुपारपर्यंत जवळजवळ सगळं रान नीट झालं. वरच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला, माती मुरमाड आहे आणि तिथली ओल आधी जाते. शेवटच्या चार ओळींना फण खरवडत गेले. आक्कानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरून बघितली आणि म्हणाली, "सकाळी हुती." तरीही आप्पांनी पेरून काढलं.

शाळू उगवला. खालचा दाट आला, वरच्या चार ओळी विरळ, मधे मधे मोकळ्या. रस्त्यानं जाताना त्या पहिल्या दिसतात. येत्या काढणीला आक्काकडं चार दिवस मी जाणार आहे. पैऱ्यात ते बसत नाही, असं आप्पा म्हणाले. मी म्हटलं, नसू दे.