सावधान काकांची चोरी

सावधान काका मंगलाष्टकं म्हणायला उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या आया आपापल्या पोरांच्या कानांवर हात ठेवायच्या. शेवटचं 'सावधान' ते असं फेकायचे की इंग्लंडातल्या लीड्सच्या कम्युनिटी हॉलचा केअरटेकर एकदा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावत आला. काकांनी त्याच्याही हातावर अक्षता ठेवल्या. धंद्याने ते भटजी नव्हतेच. सांगलीच्या एका बँकेतून रिटायर होऊन डॉक्टर मुलीकडे राहायला आले होते, आणि जवळपास दुसरं कुणी नाही म्हणून हौसेने लग्नं लावायचे. दक्षिणा विचारली तर म्हणायचे, "मठ्ठा दुसऱ्यांदा वाढा."

त्यांची दुसरी सवय पहाटे परडी घेऊन फुलांना जायची. सांगलीत निम्मं गाव जातं. कुंपणाबाहेर डोकावलेलं फूल देवाचं, असा त्यांचा कायदा होता आणि त्याला पोटकलमं होती: कळी तोडायची नाही, फांदी ओरबाडायची नाही, घरचे उठायच्या आत परतायचं. मी शेजारी राहायचो; मला म्हणायचे, "विकतचं फूल गणपती घेतो रे, नाही कशाला म्हणेल. पण चोरलेल्या फुलाकडे तो आधी बघतो."

पलीकडच्या गल्लीत हॅरल्ड नावाचा एकटा म्हातारा डेलिया लावायचा, प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे. गणेश चतुर्थीला काकांना त्याच्या कुंपणावरून वाकलेले लालभडक डेलिया दिसले. इथे जास्वंद कुठून आणणार? फुलं गेलेली पाहून हॅरल्डने पोलिसांना फोन फिरवला; परडीवाला म्हातारा कोण, हे गल्लीत कुणीही सांगितलं असतं. पोलीस दारात आले तेव्हा काका अथर्वशीर्ष म्हणत होते आणि सगळा पुरावा गणपतीच्या डोक्यावर होता.

"ही फुलं तुम्ही घेतलीत?" पोलिसाने विचारलं.

"मीच घेतली," काका म्हणाले, "पण माझ्यासाठी नाही."

स्टेशनवर त्यांना कॉशन दिली गेली. त्यांनी झोकात सही केली आणि तडक माझ्याकडे चहाला आले. "इथले पोलीस फार सज्जन. काही नाही, नुसतं 'सावधान' म्हणाले." कॉशनचा अर्थ त्यांनी लावला तो शब्दकोशाप्रमाणे बरोबरच होता. पोलिसांच्या शब्दकोशात मात्र कॉशन म्हणजे गुन्ह्याची कबुली, आणि ती रेकॉर्डवर राहते. हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मी त्यांना अभिनंदन म्हणून बाकरवडी दिली.

हॅरल्डला मात्र ते दुसऱ्याच दिवशी मोदक घेऊन भेटले. "तुमची फुलं ज्याला वाहिली त्याचा प्रसाद." हॅरल्डने एक खाल्ला, मग डबा ठेवून घेतला. पुढच्या वर्षी त्याने लाल डेलियांची अख्खी रांग कुंपणाला खेटून लावली, तोंडं बाहेर करून.

खरा घोटाळा कळला तो हॉस्पिटलात. तिथे एक मराठी आजी स्ट्रोकनंतर इंग्रजी पार विसरल्या होत्या. त्या "तहान, तहान" करायच्या आणि नर्स त्यांचा हात थोपटून म्हणायची, "येईल हं तहान, लव्ह." तिला वाटलं, तहान हे त्यांच्या मुलाचं नाव असावं. दुसऱ्याच कुणाला भेटायला गेलेल्या काकांनी ते ऐकलं आणि पाण्याचा ग्लास आजींच्या ओठांना लावला. त्या दिवसापासून एकच ध्यास: इथे व्हॉलंटियर व्हायचं, अशा लोकांपाशी बसायचं. अर्ज केला, पोलीस चेक झाला, आणि त्यात आलं: चोरी. हॉस्पिटलने नम्रपणे नकार दिला.

काका एकदम मिटले. म्हणाले, "बँकेच्या तिजोरीची किल्ली जन्मभर कमरेला लावून फिरलो, कुणी चोर म्हणालं नाही. आणि माझंच बघ. मी 'सावधान' म्हटल्यावर माणूस जन्माचा अडकतो, हे मला ठाऊक नको?" पुढच्या लग्नातलं त्यांचं 'सावधान' तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. केअरटेकरने मला येऊन विचारलं, त्यांना बरं नाही का?

आम्ही एक सॉलिसिटर गाठला; तो म्हणाला, रेकॉर्ड पुसायचं तर पोलिसांना पटवायला हवं की मुळात चोरी झालीच नव्हती. मी दुभाषा म्हणून बरोबर गेलो, म्हणजे मुख्यतः काकांनी गणपतीची आवडनिवड सांगू नये म्हणून. इन्स्पेक्टर बाई शांत होत्या. काकांनी आपला कायदा पोटकलमांसकट सांगितला. बाईंनी नेमका कच्चा दुवा पकडला.

"काही चुकीचं नव्हतं, तर घरचे उठायच्या आत परतायचं कशाला?"

काका प्रामाणिकपणे म्हणाले, "उठले की चहाला बोलावतात, मॅडम. पूजेआधी मला चहा चालत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हॅरल्ड उठला. आम्ही न सांगता तो टाय लावून आला होता. "माझी प्रदर्शनाची फुलं आत होती. ताटाएवढी. याने त्यांना हात लावला नाही. कुंपणाबाहेरची नेली, आणि कळी एकही तोडली नाही. हे मी तेव्हाच बघायला हवं होतं." मग तो म्हणाला, "आता तर मी ती बाहेरच लावतो. हा चोर असेल तर मी साथीदार. मलाही द्या कॉशन."

काही आठवड्यांनी कळवलं गेलं की कॉशन रेकॉर्डवरून काढली आहे. पुढच्या लग्नात केअरटेकर पुन्हा धावत आला, या वेळी हसत.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण निघाली की मला मंडप दिसत नाही, हॉस्पिटलचा वॉर्ड दिसतो. छातीवर व्हॉलंटियरचा बिल्ला, अंगात मुलीने विणलेला स्वेटर. ज्या कॉटशी ते उभे होते तिच्यावर हॅरल्ड होता, बराच थकलेला. मी त्याला भेटायला गेलो होतो. वॉर्डात फुलं आणायला सक्त मनाई, दारावरच पाटी होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, पडदा ओढला आणि स्वेटरच्या आतून एक लाल डेलिया काढला, जरा चेपलेला.

हॅरल्डने डोळे किलकिले केले. "माझा?"

"तुमचाच."

"विचारलंस कुणाला?"

"घरात उठलेलं होतं कोण?"

हॅरल्ड खोकला येईपर्यंत हसला. मग उशीवरून एक बोट कसंबसं उचलून पोलिसी आवाजात म्हणाला, "कॉशन."

काका त्याच्या कानाशी वाकले. "या वेळी सही मिळायची नाही, हॅरल्डराव."